सीपेकची गोष्ट २०१५ च्या आधीची आहे

सीपेकचा, म्हणजे चीन-पाकिस्तान आर्थिक मार्गिकेचा, विषय निघाला की सगळे २०१५ पासूनच सुरू करतात, शी जिनपिंग इस्लामाबादला आले, ४६ अब्ज डॉलरचे करार झाले वगैरे. पण भारताचा विरोध नक्की कशाला आहे हे समजून घ्यायचं तर निदान १९६३ पर्यंत मागं जायलाच हवं. त्या वर्षी २ मार्चला पाकिस्तानने चीनशी सीमाकरार केला आणि शक्सगाम खोऱ्यातल्या ५ हजार चौ. किमीहून जास्त जमिनीवरचा दावा सोडला. जमीन जम्मू-काश्मीर संस्थानातली. आणि त्याच कराराच्या सहाव्या कलमात लिहिलंय की काश्मीरचा प्रश्न सुटल्यावर तिथे ज्याची सत्ता असेल त्याच्याशी चीन पुन्हा बोलणी करेल! म्हणजे हा भाग वादातला आहे हे दोघांनी स्वतःच लिहून दिलंय, माझ्या मते सगळं मूळ इथेच आहे.

मग आला चीन आणि पाकिस्तानला जोडणारा काराकोरम हायवे. साठच्या दशकात काम सुरू झालं, १९७८ च्या सुमारास रस्ता झाला, सीमेवरची खुंजेराब खिंड जवळपास ४,७०० मीटर उंचीवर. डोंगर फोडताना शेकडो माणसं गेली, गिलगिटजवळ दन्योरला चिनी कामगारांची दफनभूमी आजही आहे. २०१० च्या जानेवारीत अट्टाबादला अख्खा डोंगर खचून हुंझा नदी अडली, रस्त्याचा मोठा पट्टा पाण्याखाली गेला, आणि पुढची पाच वर्षं ट्रकसुद्धा लाकडी होड्यांवर चढवून पलीकडे न्यायचे. बोगदे झाले ते २०१५ मध्ये.

दुसरं टोक ग्वादर, बलुचिस्तानच्या किनाऱ्यावरचं बंदर. हे १९५८ पर्यंत ओमानच्या सुलतानाचं होतं, पाकिस्तानने ते विकत घेतलं. बंदराचा पहिला टप्पा चीनच्या पैशातून २००७ ला झाला, आधी सिंगापूरच्या कंपनीने चालवलं, २०१३ पासून चिनी कंपनीकडे आहे. म्हणजे रस्ता होता, बंदर होतं, सीपेकने दोन्ही जोडून त्यात वीज प्रकल्पांची भर घातली.

आपला आक्षेप असा की हा रस्ता जम्मू-काश्मीर संस्थानातल्याच गिलगिट-बाल्टिस्तानमधून जातो, म्हणून चीनच्या 'बेल्ट अँड रोड' योजनेच्या (सीपेक तिचाच भाग) २०१७ च्या बीजिंग परिषदेला भारत गेला नाही. इराणमध्ये चाबहार बंदरासाठी आपण जोर लावला त्यामागेही ग्वादर आहेच, पाकिस्तानला टाळून अफगाणिस्तान आणि मध्य आशियात जायचा मार्ग तोच.

पण ग्वादरच्या लोकांचं काय? २०२१ च्या शेवटी तिथले मच्छीमार, बायका-पोरं घेऊन कित्येक दिवस रस्त्यावर बसले होते. मागण्या काय तर, ट्रॉलर हटवा, चेकपोस्ट कमी करा, प्यायला पाणी द्या.