व्हाळावरचा बांध

जून सरत आला की गोव्याच्या सत्तरी तालुक्यातल्या गावांत वाटेकडेने वाहणारे पाणी अडवण्याचा खेळ सुरू होतो. पाच-सहा वर्षांची मुले जांभ्याचे तुकडे, चिखल आणि फणसाची पाने रचून बांध घालतात. पहिला बांध भिंतीसारखा सरळ असतो आणि बहुधा बुडाशी फुटतो, कारण पाण्याचा दाब खोलीबरोबर वाढत जातो. हे त्यांना कोणी सांगितलेले नसते. तरीही तिसऱ्या-चौथ्या खेपेस बूड रुंद होते आणि एखादे मूल कडेने पाण्याला वाट काढून देते. खाजनाच्या, म्हणजे खाडीचे खारे पाणी अडवून केलेल्या शेतजमिनीच्या, बांधांनाही बूड रुंद लागते ते याच कारणाने. पुढे कधी पुस्तकात हा दाब भेटला, तर तो या मुलांच्या ओळखीचा असेल. अंदाज करणे, तो चुकणे आणि चुकीमागचे कारण हातांनी शोधणे हा क्रम मातीत जितक्या वेळा घडतो, तितका तो पाटीवर घडत नाही. दगड कोणी कुठे ठेवायचा यावरून होणारी भांडणे आणि तडजोडी हाही शिकण्याचाच भाग आहे.

बाहेरच्या खेळाचा आणखी एक लाभ डोळ्यांना होतो, आणि त्याकडे पालकांचे लक्ष क्वचितच जाते. वाढत्या वयात नेत्रगोल प्रमाणाबाहेर लांबला, तर दूरच्या वस्तूची प्रतिमा दृष्टिपटलाच्या अलीकडेच पडते आणि मुलाला लांबचे धूसर दिसते; हीच लघुदृष्टी. प्रखर उजेडात दृष्टिपटलातून डोपामाइन हे रसायन स्रवते आणि ते ही लांबण्याची क्रिया मंदावते, असे प्राण्यांवरील प्रयोगांतून दिसले आहे. चीनमधील ग्वांगझू येथे 12 प्राथमिक शाळांत झालेल्या आणि 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत निम्म्या शाळांतील पहिलीच्या मुलांना रोज 40 मिनिटे जादा बाहेर नेण्यात आले. तीन वर्षांत त्या मुलांपैकी 30.4 टक्क्यांना लघुदृष्टी आली, तर इतर शाळांत हे प्रमाण 39.5 टक्के होते. चष्मा लागल्यावर तो उतरवण्याचा मात्र हा उपाय नाही.

पावसाचे कारण येथे फारसे टिकत नाही. वर्गात साधारणपणे काही शे लक्स (उजेड मोजण्याचे एकक) उजेड असतो, तर ढगाळ दिवशीही उघड्यावर तो अनेक हजार लक्स भरतो. म्हणून सर ओसरताच मुलांना पडवीतून अंगणात जाऊ द्यावे. व्हाळाला, म्हणजे ओढ्याला, पूर असेल त्या दिवशी मात्र बांध अंगणातल्या पागोळ्यांच्या पाण्यावरच घालावा.