गुडघ्याच्या अस्थिबंधाची दुखापत (किशोरवयीन खेळाडू)

गुडघ्यातील हाडे जखडून ठेवणारे अस्थिबंध (लिगामेंट) ताणले किंवा तुटले की होणारी दुखापत. प्रमुख अस्थिबंध चार. त्यांतला आतल्या बाजूचा बहुधा पट्टा व व्यायामाने भरून येतो. खरी डोकेदुखी ‘एसीएल’ची (अँटेरियर क्रुशिएट लिगामेंट). नडगीचे हाड पुढे सरकू न देणारा हा बंध पूर्ण तुटला, तर सहसा आपोआप नीट जुळत नाही.

एसीएलच्या बहुतेक दुखापती कुणाचा थेट धक्का न लागताच होतात. ठाण्यातल्या कबड्डीच्या मैदानावर चढाईपटू मध्यरेषेकडे परतताना पाय रोवून गर्रकन वळतो. पाऊल मॅटवर चिकटून राहते आणि गुडघा आत झुकतो. ‘कट्’ असा आवाज येतो, दोन-चार तासांत गुडघा टम्म फुगतो. अशा गुडघ्याला ‘लचक भरली’ म्हणून मालीश करू नये, ओढून बसवू तर मुळीच नये. बर्फ, दाबपट्टी, पाय उंचावर आणि अस्थिरोगतज्ज्ञ, हाच क्रम. निदान हाताच्या तपासणीने होते, एमआरआय त्याला दुजोरा देतो.

फुटबॉलसारख्या खेळांत मुलींना हा धोका मुलांच्या दुपटीहून अधिक असतो. नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर 2022 मध्ये मुलींच्या 17 वर्षांखालील विश्वचषकाची अंतिम लढत झाली. ती स्पर्धा भरवणाऱ्या फिफाचाच ‘इलेव्हन प्लस’ हा सुमारे 20 मिनिटांचा वॉर्म-अप आहे. धावणे, मांडीच्या मागच्या स्नायूंची ताकद, एका पायावर तोल, उडी मारून गुडघा आत न झुकवता उतरणे, असा त्याचा ऐवज. आठवड्यातून किमान दोनदा नेटाने केल्यास दुखापती लक्षणीय घटतात. पण तासाच्या भाड्याने घेतलेल्या टर्फवर पहिली कात्री यालाच लागते!

शस्त्रक्रियेत खेळाडूचाच स्नायुबंध (स्नायू हाडाला जोडणारा टेंडन) काढून नवा बंध रोवतात. वाढ शिल्लक असलेल्या मुलांत हाडाच्या वाढीचा थर जपावा लागतो. शस्त्रक्रियेआधी सूज उतरणे आणि गुडघा पूर्ण सरळ होणे हिताचे. पुढचे महिने फिजिओथेरपीचे. सहाव्या महिन्यात चालणे-धावणे इतके सहज होते, की निवड चाचणी जवळ आली की पालकांनाही मोह आवरत नाही. तरीही किमान नऊ महिने थांबावे. मांडीची ताकद दुसऱ्या पायाच्या निदान 90 टक्के हवी आणि एका पायावरच्या उड्यांची चाचणी पार व्हावी. घाईने परतलेल्या तरुणांत नवा बंध पुन्हा तुटतो, कधी दुसऱ्या, धडधाकट गुडघ्याचाही; म्हणून मैदानात परतल्यावरही ‘इलेव्हन प्लस’ वॉर्म-अप दोन्ही पायांसाठी चालू ठेवतात.