नानजिंगच्या डोंगरावरची समाधी : जागेची भांडणं आणि ३९२ पायऱ्या

चीनच्या सहलीत नानजिंग घेतलं असेल तर चिनी प्रजासत्ताकाचे संस्थापक डॉ. सन यत्-सेन यांची समाधी यादीत असतेच. शहराच्या पूर्वेला त्झचिन शान हा जेमतेम साडेचारशे मीटर उंचीचा डोंगर आहे आणि त्याच्या दक्षिण उतारावर ही समाधी. बहुतेक जण तिला अर्धा दिवस देतात. चढायचं, फोटो काढायचे, उतरायचं. वेळ तेवढा पुरतोही. पण ही जागा कुणी आणि का निवडली, मृतदेह इथे पोचायला चार वर्षं का लागली आणि आत कुओमिन्तांगचं, म्हणजे पुढे कम्युनिस्टांशी लढलेल्या सन यांच्याच पक्षाचं, नाव कोरलेली शिळा कम्युनिस्ट राजवटीत अजून कशी उभी आहे, हे माहीत नसेल तर पाय दुखण्यापलीकडे हाती फारसं लागत नाही.

गोष्ट सुरू होते ती शेजारच्या थडग्यापासून. गरीब शेतकऱ्याच्या घरात जन्मलेल्या, काही काळ बौद्ध भिक्षू म्हणून काढलेल्या झू युआनझांगने मंगोलांची सत्ता उलथवली आणि १३६८ मध्ये मिंग घराणं स्थापन केलं. राजधानी नानजिंग. त्याने आपल्या थडग्यासाठी याच डोंगराचा पायथा निवडला. १३८१ मध्ये काम सुरू झालं, पुढच्याच वर्षी महाराणी मा हिला तिथे पुरलं आणि १३९८ मध्ये खुद्द बादशहाला. हेच मिंग श्याओलिंग. २००३ पासून ते युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहे. तिथल्या वाटेवर सिंह, उंट, हत्ती, घोडे असे दगडी प्राण्यांच्या बारा जोड्या उभ्या आहेत.

आता एकदम १९१२. सन यत्-सेन यांनी १ जानेवारीला नानजिंगमध्ये चिनी प्रजासत्ताकाचे हंगामी अध्यक्ष म्हणून शपथ घेतली. १२ फेब्रुवारीला चीनवर राज्य करणाऱ्या परक्या मांचू घराण्याच्या बादशहाने गादी सोडली. १५ फेब्रुवारीला सन आपल्या सहकाऱ्यांना घेऊन थेट मिंग श्याओलिंगला गेले आणि मांचूंची सत्ता संपल्याची वार्ता पाचशे वर्षांपूर्वी मेलेल्या बादशहाला विधिपूर्वक कळवली. राजेशाही संपवणाऱ्याने राजाच्या थडग्यापुढे उभं राहायचं, हे आज विचित्र वाटतं. पण मंगोलांना हाकलणारा झू युआनझांग हा मांचूविरोधी क्रांतिकारकांचा हक्काचा पूर्वज होता. गंमत म्हणजे त्याच दिवशी नानजिंगच्या सभागृहाने सन यांच्या जागी युआन शिकाईला निवडलं. उत्तरेतलं सैन्य युआनच्या हातात होतं, त्यामुळे सन यांना पद सोडणं भाग पडलं आणि राजधानीही पुढे बीजिंगलाच राहिली.

त्याच वसंतात या डोंगरावर शिकारीला गेले असताना सन म्हणाले होते, की पुढेमागे देशवासीयांकडे इथली मूठभर माती मागेन, असं सांगतात. हे वाक्य प्रत्येक मार्गदर्शक ऐकवतो. मला जास्त महत्त्वाची वाटते ती मरणाच्या दारातली इच्छा. उत्तरेच्या लष्करी सरदारांशी बोलणी करायला सन बीजिंगला गेले आणि १२ मार्च १९२५ रोजी तिथेच कर्करोगाने वारले. आपल्याला नानजिंगला पुरा, हंगामी सरकार तिथे स्थापन झालं होतं, असं त्यांनी सांगून ठेवलं होतं. म्हणजे हातची गेलेली राजधानी त्यांनी मरतानाही सोडली नव्हती.

समाधी होईतोवर देह ठेवला बीजिंगच्या पश्चिमेकडच्या टेकड्यांमधल्या बीयुन मंदिरात. तिथल्या ज्या दगडी स्तूपात शवपेटी होती, तो अठराव्या शतकात आपल्या बोधगयेच्या मंदिराच्या धर्तीवर बांधलेला आहे. सोव्हिएत संघाने काचेच्या झाकणाची शवपेटी पाठवली होती, लेनिनसारखं दर्शन घेता यावं म्हणून. ती उशिरा पोचली आणि आजही त्याच मंदिरात आहे.

समाधीच्या आराखड्यासाठी १९२५ मध्येच खुली स्पर्धा झाली. चाळीसहून जास्त प्रवेशिका आल्या. पहिला आला ल्यू यानझी, वय अवघं एकतीस, अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात शिकलेला. त्याचा आराखडा वरून पाहिला तर घंटेसारखा दिसतो. छपरं, कमानी, मांडणी सगळं चिनी, आणि मुख्य दालन मात्र काँक्रीटचं. पायाभरणी झाली १२ मार्च १९२६ रोजी. त्या वेळी नानजिंग सन चुआनफांग नावाच्या लष्करी सरदाराच्या ताब्यात होतं. आडनाव एक, पण हा कुओमिन्तांगचा विरोधक. विरोधकाच्या गावात आपल्या नेत्याची समाधी बांधायची, तीही लढाई तोंडावर असताना! मार्च १९२७ मध्ये कुओमिन्तांगच्या फौजांनी नानजिंग जिंकलं, त्यांचा सेनापती च्यांग कै-शेकने तिथे राजधानी केली आणि मग समाधी ही नव्या सरकारची गरज झाली. सन यांचा खरा वारस कोण, हे दाखवायला त्यांचा देह आपल्या राजधानीत असण्यासारखा दुसरा पुरावा नव्हता.

मे १९२९ मध्ये शवपेटी रेल्वेने बीजिंगहून निघाली, यांगत्सेच्या काठी पोचली, युद्धनौकेतून पलीकडे आली आणि खास या अंत्ययात्रेसाठी शहर कापून काढलेल्या झोंगशान रस्त्यावरून डोंगराकडे गेली. त्या रस्त्याच्या दुतर्फाचे चिनार हीच आज शहराची ओळख आहे. १ जूनला दफन झालं. सन यांच्या पत्नी सोंग चिंगलिंग युरोपातून त्यासाठी आल्या, पण आपण आलो म्हणजे या सरकारला पाठिंबा दिला असं समजू नका, हे त्यांनी आधीच जाहीर करून टाकलं होतं. ल्यू यानझीने मात्र हे काही पाहिलं नाही. तो मार्चमध्येच कर्करोगाने गेला होता.

एवढं डोक्यात ठेवून चढायला लागा. पायऱ्या ३९२. रोज पर्वती चढणाऱ्या पुणेकराला त्यांचं काही वाटणार नाही. खालून पाहिलं तर नुसत्या पायऱ्याच पायऱ्या दिसतात. वर पोचून मागे वळलं की एकही पायरी दिसत नाही, फक्त सपाट टप्पे. वाटेतल्या मंडपातल्या प्रचंड शिळेवर चरित्र नाही, स्तुती नाही. ‘चिनी कुओमिन्तांगने अध्यक्ष श्री. सन यांना येथे पुरले’ आणि प्रजासत्ताकाच्या अठराव्या वर्षातली (म्हणजे १९२९ ची) तारीख, एवढंच सोनेरी अक्षरांत. वरच्या दालनातली बसलेली संगमरवरी मूर्ती पॉल लांदोव्स्कीची. रिओचा प्रसिद्ध ख्रिस्त घडवणारा हाच शिल्पकार. तिच्या डोक्यावर छताकडे बघा: निळ्या आभाळात पांढरा सूर्य, म्हणजे चक्क कुओमिन्तांगचं पक्षचिन्ह. आतल्या गोल खोलीत झोपलेली दिसते ती मूर्ती; देह तिच्याखाली खोल जमिनीत आहे.

बाहेरच्या मोठ्या धातूच्या पात्रांपैकी एकाला भोकं आहेत, ती १९३७ च्या डिसेंबरातली. जपानी फौजा नानजिंगवर चालून आल्या तेव्हा या डोंगरावर तुंबळ लढाई झाली होती. जपान्यांच्या आधाराने नानजिंगमध्ये सरकार चालवणारा वांग चिंगवेई हा एके काळचा सन यांचा निकटचा सहकारी. तो १९४४ मध्ये मेला, त्यालाही याच डोंगराखाली, प्लमच्या बागेच्या टेकडीवर पुरलं. जानेवारी १९४६ मध्ये च्यांगच्या लोकांनी ते थडगं सुरुंगाने उडवलं. च्यांगने स्वतःसाठीही मिंग श्याओलिंग आणि या समाधीच्या मधली जागा हेरली होती. तिथे १९४७ मध्ये बांधलेला मंडप आहे, पण १९४९ मध्ये कम्युनिस्टांकडून हरून तैवानला गेलेला च्यांग १९७५ मध्ये वारल्यापासून तिथेच ‘तात्पुरता’ ठेवलेला आहे.

१९४९ नंतर कम्युनिस्टांनी समाधीला धक्का लावला नाही, कारण सन यांना तेही क्रांतीचे अग्रदूत मानतात. म्हणूनच २००५ मध्ये कुओमिन्तांगचे अध्यक्ष लिएन चान मुख्य भूमीवर आले आणि २०२३ मध्ये तैवानचे माजी अध्यक्ष मा यिंग-ज्यू आले, तेव्हा दोघेही या पायऱ्या चढले. दोन्ही बाजूंना एकत्र डोकं टेकता येईल अशा जागा फार नाहीत.

बेत आखताना सोमवार टाळा, त्या दिवशी मुख्य समाधी बंद असते. प्रवेश विनामूल्य असला तरी आधी ऑनलाइन नोंदणी लागते, पासपोर्ट जवळ हवाच. मेट्रोची दोन नंबरची लाइन जवळ पोचवते. माझा सल्ला, सकाळी आधी मिंग श्याओलिंग (त्याला तिकीट आहे) आणि मग सन. उलट क्रमाने गेलं तर दमलेल्या पायांनी दगडी हत्तींकडे कुणी बघत नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये प्लमचा बहर असतो, नोव्हेंबरात झाडं रंग बदलतात, आणि उन्हाळ्यात नानजिंग अक्षरशः भाजून काढतं. ऑक्टोबरचा पहिला आठवडा राष्ट्रीय सुट्टीचा. तेव्हा पायऱ्याही दिसत नाहीत आणि टप्पेही नाहीत, नुसती डोकी दिसतात.