साप्ताहिक न्याहारी-सभेची पार्श्वभूमी

पुण्यातील एका सेवाभावी रोटरी क्लबाची दर आठवड्याला सकाळी साडेसात वाजता भरणारी न्याहारी-सभा येत्या १ जुलैपासून, म्हणजे क्लबाच्या नव्या वर्षापासून, पंधरवड्यातून एकदाच भरवावी, असा ठराव कार्यकारिणीपुढे आला आहे. ठरावाला विरोध करणाऱ्या सदस्यांचा मुख्य आधार ‘परंपरा’ हा आहे. ही परंपरा किती जुनी आहे आणि तिच्यात पुण्याने स्वतःचे काय मिसळले आहे, एवढ्यापुरतेच हे टिपण आहे.

मुळापासून पाहायचे तर शिकागोपर्यंत जावे लागते. २३ फेब्रुवारी १९०५ रोजी, गुरुवारी संध्याकाळी, तेथील एका खाण-अभियंत्याच्या कचेरीत चौघे जण जमले. त्यांत एक वकील होता, एक कोळशाचा व्यापारी आणि एक शिंपी. दुसरी सभा ९ मार्चला वकिलाकडे झाली आणि तिसरी २३ मार्चला कोळशाच्या वखारीतील कचेरीत. सभेची जागा अशी आळीपाळीने फिरत असे आणि त्या फिरण्यावरूनच चळवळीला ‘रोटरी’ हे नाव मिळाले, हे बहुतेकांना ठाऊक असते. तारखांकडे मात्र कोणी लक्ष देत नाही. तिन्ही सभांमध्ये चौदा-चौदा दिवसांचे अंतर आहे. म्हणजे ज्या संस्थापकांची साक्ष आज साप्ताहिक सभेच्या बाजूने काढली जाते, त्यांनी स्वतः सुरुवात पंधरवड्यानेच केली होती. आठवड्याचा नेम आणि खाण्याची जोड या दोन्ही गोष्टी मागाहून आल्या.

पुढचा प्रवास थोडक्यात असा, की १९१९ मध्ये ही चळवळ कलकत्त्यात पोहोचली, १९२९ मध्ये मुंबईत आणि स्वातंत्र्यापूर्वीच पुण्यात. त्याच १९०५ सालच्या जूनमध्ये पुण्यात आजन्म देशसेवेची शपथ घेणाऱ्यांची एक संस्था स्थापन झाली होती. आयुष्य वाहून टाकणारी सेवा या शहराने पाहिलेली असल्यामुळे आठवड्यातून एक तास, तोही खाऊन-पिऊन, या कल्पनेकडे जुन्या पुण्याने बराच काळ मिश्कीलपणे पाहिले, आणि त्यात त्याची फारशी चूक नव्हती. व्याख्यानाची सवय मात्र शहराला आयती होती. वसंत ऋतूतील व्याख्याने येथे १८७५ पासून चालू आहेत, त्यामुळे दर सभेला एक वक्ता ही अट पुणेकरांना कधीच जड गेली नाही. जड गेली ती वेळ.

मुंबईत अशा क्लबांची सभा दुपारच्या जेवणाची असणे स्वाभाविक होते. फोर्टात काम करणारा माणूस दुपारी घरी जाऊ शकत नव्हता. पुण्यात पेठेतला व्यापारी एक वाजता फळी लावून घरी जेवायला जाई आणि चार वाजेपर्यंत दुकान उघडत नसे. त्याला पैसे भरून बाहेर जेवायला बोलावणे म्हणजे जेवण आणि वामकुक्षी दोन्हींवर घाला घालणे होते. म्हणून येथे संध्याकाळच्या सभा रुजल्या. १९६२ नंतर औद्योगिक वसाहती आल्या, पिंपरी-भोसरीच्या पट्ट्यात कारखाने उभे राहिले आणि सदस्यांत कारखानदार व अधिकारी वाढले, तेव्हा संध्याकाळही हातची गेली. शेवटच्या पाळीचे काम, मालाची गाडी, बँकेची कागदपत्रे, काही ना काही निघतच असे. सकाळी साडेसात ते साडेआठ हा तास कोणाच्याच मालकीचा नव्हता. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस हिंजवडीकडे लोटणारी वाहतूक सुरू झाल्यावर साडेआठला सुटणारी सभा ही सोय न राहता गरज बनली. तरी एक वर्ग सुटलाच. ज्यांना कामासाठी मुंबई गाठायची असते, त्यांची डेक्कन क्वीन सव्वासातला सुटते.

या सोयीची दुसरी बाजू क्वचितच बोलली जाते. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ मध्ये निकाल दिल्यानंतर आणि १९८९ मध्ये संघटनेने आपली घटना बदलल्यानंतर स्त्रियांना जगभर सदस्यत्व खुले झाले. परंतु सकाळी साडेसात ही घरोघरी डबे भरण्याची आणि मुलांना शाळेच्या बसपर्यंत सोडण्याची वेळ आहे. दार उघडले आणि वेळ तीच ठेवली, असा हा प्रकार होता. सदस्यांच्या यादीत स्त्रियांची संख्या कमी का, या प्रश्नाची चर्चा सभेत होते, तेव्हा घड्याळाकडे सहसा कोणी बोट दाखवत नाही.

आता ज्या शब्दापाशी सगळा गुंता आहे, त्याकडे वळले पाहिजे. तो शब्द ‘हजेरी’. जुन्या नियमानुसार सदस्याने सहामाहीत निम्म्या तरी सभांना हजर राहिले पाहिजे. लागोपाठ चार सभा चुकल्या तर सदस्यत्व जाऊ शकते. चुकलेली सभा आधीच्या किंवा नंतरच्या चौदा दिवसांत दुसऱ्या कोणत्याही क्लबात जाऊन भरून काढता येत असे. याला मराठीत ‘भरपाई’ हा चांगला शब्द असूनही सगळे ‘मेकअप’च म्हणतात आणि “उद्या संध्याकाळी मेकअपला जायचे आहे” हे वाक्य नव्या सदस्याच्या घरी एकदा तरी खुलासा मागते. खरी अडचण आणखी एका अटीत आहे. सभेच्या किमान ६० टक्के वेळ उपस्थित असलेल्यालाच हजेरी मिळते. नियम टक्के सांगतो. पोह्यांबद्दल तो काही बोलत नाही.

साडेसात ते आठ न्याहारी आणि आठ ते साडेआठ कामकाज व व्याख्यान, अशी आखणी असते. न्याहारी सभेत धरली तर सभा साठ मिनिटांची आणि हजेरीसाठी छत्तीस मिनिटे लागतात. मग साडेसातला येऊन, पोहे, उकडलेली अंडी व दोन वेळा चहा घेऊन आठ वाजून सहा मिनिटांनी निघणारा सदस्य हजर ठरतो, तर घरी खाऊन आठला येणारा आणि वक्त्याचा शब्दन् शब्द ऐकून साडेआठला उठणारा सदस्य तीसच मिनिटे भरल्यामुळे गैरहजर ठरतो. न्याहारी वगळली तर सभा तीस मिनिटांची होते, अठरा मिनिटे पुरतात आणि न्याय उलट फिरतो. त्यावर दुसऱ्या बाजूचा आक्षेप असा, की न्याहारी वगळायची असेल तर न्याहारी-सभा म्हणता कशाला, आणि पहिला अर्धा तास हाच खरा ओळखीपाळखीचा वेळ असताना तो सभेबाहेर कसा?

या वादावर क्लबाने कधीच लेखी निर्णय घेतला नाही. तोड निघाली ती घंटेने. अध्यक्ष पितळी घंटा वाजवतात तेव्हा सभा सुरू होते, असे मानायचे ठरले आणि घंटा साडेसातला वाजवायची की आठला, हे त्या त्या वर्षीच्या अध्यक्षांवर सोडले गेले. परिणामी एकाच नियमाखाली एका वर्षी पोहे सभेत होते आणि पुढच्या वर्षी सभेबाहेर. प्रस्तुत लेखकाच्या मते ही तोड नव्हती, टाळाटाळ होती. परंतु ती अनेक वर्षे चालली, हेही खरे. गमतीचा भाग असा, की ज्यांचे वय आणि सदस्यत्वाची वर्षे यांची बेरीज ८५ झाली आहे अशा ज्येष्ठांना हजेरीची माफी मागता येते, आणि साडेसातला खुर्चीत बसलेले असतात ते बहुधा हेच माफीतले सदस्य.

२०१६ च्या एप्रिलमध्ये संघटनेच्या त्रैवार्षिक विधी-परिषदेने क्लबांना महिन्यातून किमान दोन सभा घेण्याची मुभा दिली. सभा कोणत्या प्रकारे भरवायची हेही क्लबावर सोपवले. आठवड्याची सक्ती तेथेच संपली. आजचा ठराव नियमाविरुद्ध आहे असे जे सांगितले जाते, ते म्हणूनच टिकत नाही. त्या वेळी क्लबाने मुभा न घेण्याचे ठरवले, त्यामागे तत्त्वाइतकाच हॉलचा व्यवहार होता. सभागृहवाल्याला दर आठवड्याला ठरावीक ताटांची हमी द्यावी लागते. लोक कमी आले तरी तेवढे पैसे द्यावेच लागतात आणि ते वर्गणीतून जातात. सभा निम्म्या केल्या तर हा दर तसाच राहणार नाही, असे त्याने कळवले होते. चतुर्थी-एकादशीला साबुदाण्याच्या खिचडीची ताटे वेगळी मोजायची की त्याच हमीत, यावरही एक पत्रव्यवहार झालेला आहे.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी आली आणि सभा ऑनलाइन झाली. वेळ साडेसातचीच ठेवली, नावही न्याहारी-सभा हेच राहिले, फक्त न्याहारी ज्याची त्याच्या स्वयंपाकघरात गेली. घंटा अध्यक्षांच्या जेवणाच्या टेबलावर आली. त्या काळात हजेरी वाढली, हे विरोधकही मान्य करतात. मुंबईला बदली झालेले, मुलांकडे परदेशी गेलेले, आणि डबे भरता भरता कानात ऐकणाऱ्या सदस्या, असे सगळे पडद्यावर दिसू लागले. कॅमेरा बंद ठेवलेला चौकोन हजर धरायचा का, हा ६० टक्क्यांच्या वादाचा नवा अवतार तेव्हाच जन्माला आला आणि त्याचाही निर्णय झाला नाही. सभागृहे पुन्हा उघडल्यावर एकच सभा प्रत्यक्ष व ऑनलाइन अशी दोन्हीकडे भरवण्याचा प्रयोग काही महिने झाला. तो थांबवण्याचे कारण कार्यवृत्तात ‘तांत्रिक अडचणी’ असे नोंदवले आहे. प्रत्यक्षात, सभागृहात बसलेल्यांना पडद्यावरचे ऐकू येत नव्हते आणि पडद्यावरच्यांना फक्त चमच्यांचा आवाज येत होता.

सध्याच्या ठरावात महिन्यातून दोन प्रत्यक्ष सभा सुचवल्या आहेत. त्यांतील एक साडेसातची व दुसरी संध्याकाळची, अशी दुरुस्ती काही सदस्यांनी दिली असून ती देणाऱ्यांत स्त्रिया अधिक आहेत. सभा नेमकी केव्हा सुरू झाली असे मानावे, याबद्दल ठरावात किंवा दुरुस्तीत एकही वाक्य नाही. सभागृहाचा करार ३० जूनला संपतो, आणि ताटांचा आकडा आदल्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत कळवण्याची अट नव्या मसुद्यातही कायम आहे.