लहान घराचा वाद: खोली राहिली, गॅलरी गेली

बेळगावात टिळकवाडी-हिंदवाडीकडची जुनी बैठी घरं पाडून त्या जागी अपार्टमेंट उभी राहू लागली, तशी वन आरके (एक खोली आणि स्वयंपाकघर) आणि लहान वन बीएचकेची चर्चाही सुरू झाली. एक बाजू म्हणते, पहिल्या नोकरीतल्या मुलाला किंवा एकट्या म्हाताऱ्या माणसाला परवडेल असं घर हेच. दुसरी बाजू त्याला खुराडं म्हणते. दोन्हीकडचे लोक चौरस फुटांवरच भांडतात. या वादाचा इतिहास पाहिला की वेगळं दिसतं. खोली पूर्वीही लहानच होती, पण तिच्यासोबत बरंच काही मिळत होतं. ते एकेक करून सुटत गेलं.

शहापूर-वडगावच्या विणकर गल्ल्यांतलं जुनं घर घ्या. तोंड अरुंद आणि आत लांबच लांब: सोपा म्हणजे पुढची पडवी, माजघर, स्वयंपाकघर आणि मागं परडं म्हणजे परसू. सोप्यात माग, त्यामुळे राहायला उरायचं ते माजघर, आणि त्यात सगळं घर झोपायचं. पण भांडी परड्यात, वाळवण परड्यात, न्हाणी परड्याच्या कडेला. गल्लीकडचं आणि परड्याकडचं दार उघडं ठेवलं की घरातून वारा आरपार जायचा. माणशी जागा मोजली तर आजच्या कुठल्याही नियमात ते घर नापास होईल.

किमान जागेचे नियम मुळात आले ते साथीच्या भीतीनं. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला आणि दाट वस्तीत उजेड-वारा नसणं हेच दुखण्याचं मूळ मानलं गेलं. १८९८ साली सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. त्यानं गल्ल्या फोडून रस्ते काढले, चाळी बांधल्या. पण सुरुवातीच्या काळात पाडलेल्या खोल्या जास्त आणि बांधलेल्या कमी. उठवलेले लोक शेजारच्या वस्तीत दाटीनं राहिले, म्हणजे गर्दी हटली नाही, सरकली. या ट्रस्टची एक गोष्ट मात्र आजही शिकण्यासारखी आहे, ती म्हणजे साडेत्रेसष्ट अंशांचा नियम. समोरच्या इमारतीच्या माथ्यापासून खोलीच्या पायथ्याशी येणारी रेषा जमिनीशी याहून मोठा कोन करू नये. सोप्या भाषेत, इमारत ४० फूट उंच असेल तर तिच्यासमोर निदान २० फूट मोकळं हवं. खोली केवढी असावी याआधी खोलीत आभाळ किती दिसतं, हे त्यांनी मोजलं.

मग १९२०च्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटच्या, म्हणजे बीडीडीच्या चाळी आल्या. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी इथे मिळून २०७ इमारती. तळमजला अधिक तीन मजले, खोली १६० चौरस फुटांची, संडास सामाईक. आपल्या भागाचा मुंबईशी खरा संबंध अशाच चाळींतून आला. चंदगड, खानापूर, बेळगावकडून गिरण्यांत गेलेली माणसं गावकीच्या, म्हणजे एका गावच्या लोकांनी मिळून घेतलेल्या, खोल्यांत राहायची. एका खोलीत पंधरा-वीस जणांच्या ट्रंका आणि पाळीप्रमाणे झोप. हे चाललं ते पाळ्यांमुळे, खाणावळींमुळे आणि जिन्यात, गॅलरीत, गल्लीत पसरता येत असल्यामुळे. त्या हालांचं कौतुक करू नये. क्षयरोग त्याच खोल्यांत पसरला. आता बीडीडीच्या रहिवाशांना पुनर्विकासात ५०० चौरस फुटांची घरं मिळत आहेत, वरळीत पहिल्या चाव्या ऑगस्ट २०२५ मध्ये दिल्या गेल्या. झोपडपट्टी पुनर्वसनातलं घर १८० वरून २२५, मग २६९ आणि नंतर ३०० चौरस फुटांवर गेलं. आकडा प्रत्येक वेळी वाढला, हे चांगलंच झालं. दोन टॉवरमधलं अंतर मात्र त्याच्या जोडीनं वाढलं नाही.

१ नोव्हेंबर १९५६ पर्यंत बेळगाव जिल्हा मुंबई राज्यात होता. त्यामुळे भाडी गोठवणाऱ्या १९४७च्या मुंबई भाडे कायद्याचा काळ या भागानंही पाहिला. पुढे म्हैसूर राज्याचा १९६१चा भाडेनियंत्रण कायदा आला. अशा कायद्यांनी भाडेकरूला निवारा टिकवून दिला. पण भाडं गोठलं की मालक कौलं बदलत नाही आणि वाड्यात फळ्यांचे, पत्र्यांचे आडोसे घालून एकाची तीन बिऱ्हाडं होतात.

न्यूयॉर्कनं १९८७ साली नव्या घराला किमान ४०० चौरस फुटांची अट घातली. घरं महागली तेव्हा तीच अट बाजूला ठेवून २६० ते ३६० चौरस फुटांच्या ५५ घरांची इमारत प्रयोग म्हणून उभारली. ती २०१६ साली पुरी झाली. हाँगकाँग उलट्या दिशेनं गेलं. तिथं इतके बारके फ्लॅट झाले की २०२२ पासून सरकारी जमिनीच्या विक्रीत किमान २८० चौरस फुटांची अट आली.

आपल्याकडे राष्ट्रीय इमारत संहिता राहत्या खोलीला ९.५ चौरस मीटर, स्वयंपाकघराला ५ आणि एकत्र न्हाणी-संडासाला २.८ चौरस मीटर किमान मानते. बेरीज १७.३, म्हणजे १८६ चौरस फुटांच्या आसपास. वन आरकेचा कागदावरचा तळ हा.

अडतं ते रुंदीत. खोलीची किमान रुंदी २.४ मीटर, म्हणजे ९४ इंच. पाच फुटी पलंग टाकला की ३४ इंच उरतात. समोर दीड फूट खोल कपाट ठेवलं की १६. तीन फुटी कपाटाची एक झडप १८ इंचांची, ती पूर्ण उघडत नाही. म्हणून नकाशात क्षेत्रफळाआधी रुंदी बघावी.

दुसरं दुखणं ओलीचं. खानापूर-बेळगावच्या पावसात हे आधी जाणवतं. एक किलो गॅस जळला की सुमारे १.६ लिटर पाण्याची वाफ होते. १४.२ किलोचं सिलिंडर महिन्यात संपलं तर दिवसाला पाऊण लिटर पाणी खोलीच्या हवेत जातं. त्यात चौघांचा श्वास, आंघोळीची वाफ आणि दोरीवरचे पिळलेले कपडे. परड्यात किंवा गॅलरीत ही ओल बाहेरच्या बाहेर जायची. मधल्या पॅसेजच्या दोन्ही बाजूंना घरं असलेल्या इमारतीत वन आरकेला एकाच अंगाला खिडकी असते. वारा आत येतो, पण बाहेर जायला वाट नसते. मग कपाटामागच्या भिंतीवर बुरशी धरते, आणि रंग कितीदा दिला तरी ती परत येते. दमट-उष्ण हवामानासाठी संहिता खोलीच्या जमिनीच्या एक षष्ठांश एवढी उघडणारी खिडकी मागते. ९.५ चौरस मीटरच्या खोलीला ती १७ चौरस फूट होते. चार बाय चारची सरकती खिडकी १६ भरते आणि त्यातली निम्मीच उघडते.

२०१६च्या रेरा, म्हणजे स्थावर मालमत्ता कायद्यानं कार्पेट एरियाची (घरातल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेची) व्याख्या पक्की केली: आतल्या भिंती धरून, बाहेरच्या भिंती, डक्ट आणि बाल्कनी वगळून. त्याआधी सुपर बिल्टअपचे, म्हणजे भिंती आणि जिना-पॅसेजचा वाटा धरून, ५०० फूट सांगून आत साडेतीनशे-पावणेचारशे मिळणं नेहमीचं होतं. पण ५०० चौरस मीटरपर्यंतची जमीन किंवा आठपर्यंत फ्लॅट असलेल्या प्रकल्पाला नोंदणीची सक्ती नाही. ५०० चौरस मीटर म्हणजे पाच गुंठ्यांना थोडे कमी. टिळकवाडीतल्या एका बंगल्याची साईट बहुधा यात बसते. म्हणजे लहान घरं जिथं जास्त होतात, तिथंच ही मोजणी ग्राहकाला स्वतः टेप लावून करावी लागते. कार्पेट मोजून झालं की कपडे वाळत घालायची जागाही मोजावी. चौघांच्या रोजच्या धुण्याला साधारण चाळीस फूट दोरी लागते; सहा फूट रुंदीच्या बाल्कनीत सात ओळी बांधाव्या लागतील, आणि त्यासाठी बाल्कनी निदान साडेतीन फूट खोल हवी.