मिंट की नुसतंच कोरं? पावसाळ्यात तिकीट घेण्याआधी

गेल्या आषाढात एका विक्रेत्याकडून घेतलेलं टपाल तिकीट घरी येऊन ट्यूबलाइटखाली उलटं धरलं. पुढून सगळं छान होतं. रंग टवटवीत, शिक्का नाही, दंतुर कडा शाबूत. पाकिटावर पेन्सिलीने ‘मिंट’ लिहिलेलं. पण मागे एक कोपरा चकचकीत आणि बाकीचा भाग निस्तेज, मधे चहा वाळल्यासारखी एक रेघ. डिंक कधीतरी ओला होऊन पुन्हा सुकला होता. तिकीट वापरलेलं नव्हतं हे खरं, पण ते मिंटही नव्हतं, आणि मी पैसे मोजले होते मिंटचे.

नवे संग्राहक मिंट आणि कोरं हे दोन शब्द सर्रास एकाच अर्थाने वापरतात. मिंट म्हणजे पोस्टाच्या खिडकीतून जसं हातात आलं तसंच राहिलेलं तिकीट: शिक्का नाही आणि मागे मूळ डिंक अखंड. कोरं, म्हणजे बाजारातलं ‘अनयूज्ड’, याचा अर्थ फक्त एवढाच की ते टपालासाठी वापरलं गेलं नाही. त्याचा डिंक गेलेला असू शकतो, अर्धवट उरलेला असू शकतो, जुन्या अल्बममधल्या हिंजचा, म्हणजे तिकीट पानावर चिकटवायच्या कागदी पट्टीचा, व्रण असू शकतो. युरोपातल्या कॅटलॉगांत यासाठी सरळ खुणा आहेत. दोन तारका म्हणजे डिंक अस्पर्श, एक तारका म्हणजे हिंज लागलेली, आणि कंसातली एक तारका म्हणजे डिंकच नाही. आपल्याकडच्या पाकिटांवर मात्र बहुतेक वेळा तिन्हींसाठी एकच शब्द लिहिलेला असतो.

आता यात ऋतू कुठून आला? तिकिटाचा डिंक हवेतला ओलावा शोषून घेतो. पूर्वी तो बाभळीच्या कुळातल्या झाडांचा असायचा, पुढे रासायनिकही आला. मुंबई-कोकणात जुलैची हवा इतकी दमट असते की तिकिटावर पाण्याचा थेंब न पडताही डिंक चिकट होतो, तिकीट अल्बमच्या पानाला किंवा शेजारच्या तिकिटाला धरतं, आणि मग तपकिरी बुरशीचे ठिपके येतात. जूनमध्ये मिंट असलेलं तिकीट गणपतीपर्यंत नुसतं कोरं होऊन बसतं. कुणाची लबाडी नसते, कपाटातली हवाच तेवढी असते. विदर्भातल्या मे महिन्यात उलटं होतं. कोरड्या हवेत डिंक आकसतो, तिकीट त्या बाजूला वळतं आणि जुना डिंक तडकतो.

सगळ्यात ठळक उदाहरण गांधीजींच्या पहिल्या मालिकेचं. स्वतंत्र भारताने 15 ऑगस्ट 1948 ला दीड आणा, साडेतीन आणे, बारा आणे आणि दहा रुपये अशी चार तिकिटं काढली. ती स्वित्झर्लंडमध्ये कूर्व्हॉइझिएच्या छापखान्यात छापली होती. थंड देशात डिंक लावलेली ती तिकिटं लोकांच्या हातात आली ती भर पावसाळ्यात, आणि तेव्हापासून पंचाहत्तरहून जास्त पावसाळे त्यांनी पाहिले. त्यामुळे दहा रुपयांचं न वापरलेलं तिकीट विकायला आलं की जाणकार आधी मागची बाजू पाहतो. डिंक पिवळा पडलेला, ठिपके आलेले तिकीट एका भावाने जातं आणि पांढरा स्वच्छ डिंक असलेलं कितीतरी वरच्या भावाने. पुढून दोन्ही सारखीच दिसतात.

म्हणून माझी खरेदी ऋतूप्रमाणे बदलते. जून ते सप्टेंबर मी शिक्का असलेली, वापरलेली तिकिटं घेते. त्यांचा डिंक पाकिटावरून सोडवतानाच जातो, त्यामुळे ओलाव्याला खराब करायला फारसं काही उरत नाही. बुरशीचं भय कागदाला असतंच, पण निदान मिंटचे पैसे अडकत नाहीत. टपालाने येणारी मिंट तिकिटं या चार महिन्यांत मागवणं मी पूर्ण बंद केलंय. ऑक्टोबरमध्ये टपाल सप्ताह येतो, 14 नोव्हेंबरच्या सुमारास अनेकदा बालदिनाचं तिकीट येतं, आणि हिवाळ्यात प्रदर्शनं भरतात. 2011 मध्ये दिल्लीचं ‘इंडिपेक्स’ हे टपाल तिकिटांचं आंतरराष्ट्रीय प्रदर्शन फेब्रुवारीत होतं. कोरड्या हवेत, दिवसाच्या उजेडात, तिकीट चिमट्याने उलटून पाहून घेण्याचे हेच महिने.

पाहायचं काय? डिंकाची चमक सगळीकडे एकसारखी आहे का ते आधी पाहा. मग भिंगाखाली दंतुर कडेच्या दात्यांची टोकं. कारखान्यात आधी डिंक लागतो, नंतर भोकं पडतात, त्यामुळे खऱ्या तिकिटाच्या टोकांना कागदाचे मऊ तंतू दिसतात. नंतर कुणी डिंक चोपडला असेल तर तो भोकांच्या कडेवर ओघळतो आणि टोकं कडक लागतात. हे ‘रीगम’ तिकीट मला डिंक धुतला गेलेल्या कोऱ्यापेक्षाही वाईट वाटतं. कोरं निदान जे आहे ते दाखवतं.

एक अपवाद लक्षात ठेवा. चीनने 1950 च्या दशकात पुष्कळ तिकिटं मुळातच विनाडिंक काढली. तिथे मागची बाजू कोरडी असणं हा दोष नाही, उलट डिंक दिसला तर शंका घ्यावी.

ते आषाढातलं तिकीट परत दिलं नाही. पाकिटावरचा ‘मिंट’ खोडून ‘कोरं, डिंक खराब’ असं लिहिलं आणि ते सिलिका जेलच्या पुड्यांसोबत डब्यात ठेवलं. डबा आता दसऱ्यानंतरच उघडेन.