मेलेल्या कानाची साक्ष

बाळाला घरी सोडण्याआधी हल्ली बऱ्याच प्रसूतिगृहांत त्याचे कान तपासतात. झोपलेल्या बाळाच्या कानात एक मऊ रबरी टोक बसवायचं, त्यातून बारीक टकटक सोडायची, आणि थोड्याच वेळात यंत्रावर ‘पास’ किंवा ‘रेफर’ उमटतं. भाचीच्या बाळाची तपासणी मी शेजारी उभं राहून पाहिली. बाळ गाढ झोपलेलं. ना मान वळली, ना पापणी हलली. मग त्याला ऐकू आलं हे यंत्राला कळलं कसं? त्या टोकात मायक्रोफोनही असतो आणि तो बाळाच्या कानातून बाहेर येणारा आवाज टिपतो. कान आवाज घेतो तसा सोडतोही, हे १९७८ साली जगापुढे आलं. इतका उशीर होण्याचं मोठं कारण मला तरी हे दिसतं, की शतकानुशतकं कानाची साक्ष मेलेल्यांकडून घेतली जात होती.

मुळात आतला कान हाती लागणंच कठीण. तो कानशिलाच्या हाडात रुतलेला, आणि ते हाड शरीरातल्या सगळ्यांत टणक हाडांपैकी. लॅटिन नावातच त्याला दगडी म्हटलंय. त्यामुळे जुनी विद्या बाहेरच्या कानापाशी थांबली. सुश्रुतसंहितेत फाटलेली पाळी जोडण्याचे पंधरा प्रकार आहेत. ग्रीक विचारवंत अल्कमिऑन म्हणायचा, शेळ्या कानांनी श्वास घेतात. अॅरिस्टॉटलने ते खोडून काढलं, पण कानाच्या आत एक निश्चल हवा कोंडलेली असते आणि तिच्यामुळे ऐकू येतं, ही त्याची समजूत मात्र जवळजवळ दोन हजार वर्षं टिकली.

सोळाव्या शतकात इटलीत हाड फोडून आत पाहायला सुरुवात झाली. शरीररचनेचा अभ्यासक वेसालिअस याच्या १५४३च्या ग्रंथात कानातली दोनच हाडं आहेत, हातोडा आणि ऐरण. तिसरं नेपल्सच्या इन्ग्रासिआला १५४६च्या सुमारास सापडलं. जेमतेम तीन मिलिमीटरचं हे हाड हुबेहूब घोड्याच्या रिकिबीसारखं दिसतं, म्हणून नावही तेच. रोमन स्वारांना रिकीब ठाऊकच नव्हती, त्यामुळे हे हाड त्यांना सापडतं तर नाव वेगळंच पडलं असतं. आणि आपल्याकडे घोडी गेली तरी ‘रिकीब’ हा शब्द शाळेच्या जीवशास्त्रात तगून राहिला, ही त्या हाडाचीच कृपा. फॅलोपिओने १५६१मध्ये आतल्या वेटोळ्याला गोगलगायीचं नाव दिलं. युस्टाकिओने कानापासून घशापर्यंत जाणारी नळी नीट वर्णिली. घाट चढताना कानाला दडे बसतात आणि आवंढा गिळला की सुटतात, ते या नळीमुळे.

पण वेटोळ्याच्या आत काय? हवाच, असं सगळे म्हणत. कारण साधं होतं. मृतदेह शिळा झाला की आतला द्रव आटून जाई, आणि हाड उघडणाऱ्याला खरोखरच पोकळी दिसे. नेपल्सच्या दोमेनिको कोतुन्योने ताजे मृतदेह उघडले आणि आत पाणी आहे असं १७६१ साली छापलं. तरी शंका राहिल्याच. पुढे १७७७मध्ये मेकेल या जर्मन अभ्यासकाने ही हाडं थंडीत गोठवून फोडली. आतल्या सगळ्या पोकळ्या बर्फाने भरलेल्या निघाल्या. कोंडलेल्या हवेची गोष्ट तिथे संपली.

त्या तीन हाडांचं काम यामुळेच उलगडतं. विहिरीत बुडी मारली की काठावरची हाक ऐकू येत नाही, कारण हवेतला आवाज पाण्याच्या पृष्ठभागावरून जवळजवळ सगळाच परत फिरतो. कानातही पुढे पाणीच आहे. म्हणून सुमारे ५५ चौरस मिलिमीटरच्या पडद्यावर पडलेला जोर हाडं आतल्या कानाच्या तोंडाशी असलेल्या जेमतेम तीन चौरस मिलिमीटरच्या खिडकीवर आणून टाकतात. त्यात तरफेची थोडी भर पडते आणि दाब वीसएक पट होतो.

१८५१मध्ये आल्फोन्सो कोर्तीने वेटोळ्यातल्या पातळ पट्टीवर बसलेल्या पेशींच्या रांगा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवल्या. त्यावरून जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झने मांडलं की ही पट्टी म्हणजे लहानमोठ्या तारांची ओळ आहे आणि प्रत्येक सुराला त्याची त्याची तार झंकारते. त्याच्यासमोर पियानो होता. आपल्याला सतारीच्या, न छेडता झंकारणाऱ्या तरफेच्या तारा आठवतील. कल्पना देखणी होती, पण ती तार थरथरताना कोणी पाहिली नव्हती.

ते पाहिलं गेऑर्ग फॉन बेकेशीने. बुडापेस्टमध्ये हंगेरियन टपाल खात्याच्या प्रयोगशाळेत तो टेलिफोन सुधारायला बसला होता. मृत माणसाच्या कानात चांदीचे बारीक कण टाकून, लुकलुकत्या दिव्याखाली त्याला एक लाट दिसली. ती रिकिबीपाशी उठते आणि वेटोळ्यात पुढे सरकते. बारीक आवाजांची लाट सुरुवातीलाच उंच होऊन विरते, जाड्या आवाजांची शेवटापर्यंत पोचते. १९६१चं नोबेल त्याला याच कामासाठी मिळालं. पण त्याची लाट पसरट होती. आपला कान जवळजवळचे सूर वेगळे काढतो, तेवढी धार तिला नव्हती. शिवाय ती दिसावी म्हणून त्याला कानठळ्या बसवणारा आवाज वापरावा लागला होता.

टॉमस गोल्डला हे पटेना. युद्धात रडारवर काम केलेला माणूस. १९४८मध्ये त्याने लिहिलं की पाण्यात बुडालेली पट्टी नुसती ढकलून इतकी नेमकी हलणार नाही, कानात स्वतःची ताकद लावणारं काहीतरी हवं. आणि तसं असेल तर कानातून आवाज बाहेरही यायला हवा. कानाच्या अभ्यासकांनी ते मनावर घेतलं नाही. १९७१मध्ये विल्यम ऱ्होडने जिवंत माकडांमध्ये पट्टीची हालचाल मोजली, तेव्हा हळू आवाजाला ती प्रमाणाबाहेर जोरात हलत होती. प्राणी मेला की ही करामत मावळे. मग १९७८मध्ये लंडनच्या डेव्हिड केम्पने कानात टकटक करून काही सहस्रांश सेकंदांनी येणारा प्रतिसाद पकडला. १९८५मध्ये ब्राउनेलने दाखवलं की कोर्तीने दाखवलेल्यांपैकी बाहेरच्या रांगांमधल्या रोमपेशी, म्हणजे टोकाला बारीक केस असलेल्या पेशी, विजेच्या झटक्याने आखडतात आणि लांब होतात. हे घडवणारं प्रथिन २००० साली सापडलं. संगीतातल्या ‘प्रेस्टो’ या द्रुत लयीवरून त्याचं नाव प्रेस्टिन पडलं.

बाळाच्या कानातलं ते यंत्र ऐकतं या पेशींची हालचाल. त्यांच्या पलीकडची, मेंदूकडे जाणारी नस चालते की नाही हे त्याला कळत नाही. म्हणून अतिदक्षता विभागात राहिलेल्या बाळांना ‘पास’ आलं तरी बेरा, म्हणजे आवाजाला नस आणि मेंदू देतात तो प्रतिसाद मोजणारी तपासणी, करून घ्यायला सांगतात.